गळका पाइप आणि अळू

फार जुनी गोष्ट, तेव्हा पाइपही बोलायचे. एका गल्लीत पाण्याचा लोखंडी पाइप गळायचा आणि त्या ओलीवर अळू वाढायचा. नवा पाइप टाकायला माणसं आली, तसा अळू रडू लागला, “आजोबा, तुमच्या मायेवर जगलो. आता माझं काय?”

“माया कसली, गळती होती ती,” जुना पाइप म्हणाला. “त्याच भोकांतून गटाराचं पाणी आत शिरतं, पोरं आजारी पडतात. मला जायलाच हवं, बाळा.”

नवा पाइप थेंबही सांडेना. अळवानं माना टाकल्या.

सकाळी नळाला पाणी आल्यावर मथुराकाकू कालचं शिळं पाणी ओतून द्यायला निघाल्या आणि अळवापाशी थबकल्या. “इतकी वर्षं वड्या खाऊ घातल्यास. घे, पी,” म्हणत त्यांनी अख्खी कळशी त्याच्या मुळाशी रिती केली.

भंगारात पडलेला जुना पाइप ओरडला, “बाळा, माया म्हणतात ती ही!”