नाव नसलेलं खातं

"आणि कुणाला आत यायचं असेल, तर हे यंत्र कुणाला विचारतं?" बाईंनी विचारलं.

"डिरेक्टरीला."

"डिरेक्टरी कुठं असते?"

"यंत्राच्या आत."

बाईंनी यंत्रावर हात ठेवून पाहिला.

"खोली थंड ठेवलीस, ते बरं केलंस," त्या म्हणाल्या.

निनाद पिसाळला हे ऐकायचं नव्हतं. आठवडाभर खपून त्यानं हे सगळं उभं केलं होतं, ते काही खोलीचं कौतुक ऐकायला नाही.

वाईतल्या त्याच्या घरी, मागच्या खोलीत हे बोलणं चाललं होतं. फरांदेबाई तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेल्या. गावातल्या डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याचं, पेशंटचे कागद ठेवणारं कॉम्प्युटरचं यंत्र त्याच सांभाळत. आता त्यांच्याच्यानं होत नव्हतं, आणि ते काम त्या कुणाच्या तरी हाती सोपवणार होत्या. निनादला ते हवं होतं. मनापासून हवं होतं. आणि त्याहूनही, बाईंनी चारचौघांत आपलं नाव घ्यावं, हे हवं होतं.

म्हणून त्यानं दवाखान्यातल्यासारखी मांडणी घरी करून दाखवली. एक दणकट यंत्र, ते होस्ट. त्याच्या पोटात पाच-सहा मशीन, खरी नसलेली पण खऱ्यासारखी वागणारी. त्यातलं एक मशीन सगळ्यांना नेटवर्कवरचा पत्ता देई. दुसरं म्हणजे डिरेक्टरी. आत यायची मुभा कुणाकुणाला आहे, त्यांची नावं नि पासवर्ड तिच्यापाशी. बाकीची सगळी तिला विचारून दार उघडत.

खुद्द होस्टसुद्धा.

"होस्टला पत्ताही आतलंच मशीन देतं," निनाद म्हणाला. "बाहेरचं काही लागतच नाही, बाई. सगळं एका मुठीत."

निनाद हुशार होता. ते त्यालाही माहीत होतं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

बाईंनी हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

होस्टची घरघर थांबली.

"बाई, असं मध्येच…"

"वीज तुला विचारून जाते का?" त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. "जा आता आत."

निनादनं लॅपटॉप पुढे ओढला. लॅपटॉपला होस्ट सापडेना. सापडणार कसा? होस्टला पत्ताच नव्हता. पत्ता देणारं मशीन त्याच्याच पोटात झोपलेलं, आणि पत्ता मिळाल्याशिवाय होस्टनं आतल्या कुणाला उठवायचं नाही, ही व्यवस्था निनादचीच.

तो उठला. स्क्रीन आणि कीबोर्ड थेट होस्टला जोडला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

डिरेक्टरीशी संपर्क होत नाही, असं स्क्रीनवर आलं.

त्यानं पुन्हा टाकला, सावकाश. पुन्हा तेच आलं.

"डिरेक्टरी अजून उठली नाहीये," तो म्हणाला.

"मग उठव."

"त्यासाठी आत जायला हवं."

"मग जा."

"त्यासाठी डिरेक्टरी…"

तो थांबला.



"दवाखान्यात सकाळची वीज अशीच जाते, अशीच येते," बाई म्हणाल्या. "तोवर लोकांच्या डोळ्यांत थेंब घालून झालेले असतात. समोरचं धड दिसत नाही. डॉक्टर कागद बघून बोलावतील म्हणून बाकावर बसून राहतात बिचारे. कागद सगळे यंत्रात."

निनादचे कान तापले.

"एक वाट आहे," तो म्हणाला.

त्यानं होस्ट पुन्हा सुरू केला, उठता उठता मध्येच अडवला, चार ओळी टाइप केल्या आणि कुणालाही न विचारता आत शिरला. बोटं अशी चालली की बघत राहावं. डिरेक्टरी उठवली, पत्ते वाटून झाले. मग बाहेर पडून तो आपलं नाव टाकून रीतसर आत आला.

"झालं," तो म्हणाला. आवाजात मघाचा तोरा परत आला होता.

"मघाशी आत शिरलं ते कोण?" बाईंनी विचारलं.

"मीच की."

"यंत्राला कळलं, तू आहेस ते?"

"…नाही."

"नाव सांगितलंस, तेव्हा काय झालं?"

"बाहेर ठेवलं."

"आणि नाव सांगितलं नाहीस, तेव्हा…"

निनादनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

बाईंनी हात लांब केला आणि बटण पुन्हा बंद केलं.

या खेपेला तो उठला नाही. स्टुलावर बसून राहिला. त्याला राग आला होता. कुणाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हळूहळू तो ओसरला आणि मागे नुसती लाज उरली.

"हे यंत्र नवंकोरं आणलंस," बाई म्हणाल्या, "तेव्हा पहिल्यांदा आत कसा गेलास?"

"रूटनं."

रूट म्हणजे यंत्राबरोबर जन्मतःच येणारं खातं. त्याला माणसाचं नाव नसतं. त्याचा पासवर्ड त्या यंत्रापाशीच असतो, त्यामुळे ते डिरेक्टरीकडे विचारायला जात नाही.

"कुठं गेलं ते?"

"बंद केलं."

"का?"

"सुरक्षिततेसाठी. आत कोण येऊन गेलं, ते कळायला नको?"

"हवंच," बाई म्हणाल्या. "का बंद केलंस?"



"रूटनं आत गेलं की नोंदीत माझं नाव लागत नाही," तो शेवटी म्हणाला. "सगळी खटपट मी करायची, आणि तिथं लिहिलेलं काय, तर रूट. मला ते सोसवेना, बाई."

बाई हसल्या नाहीत.

"हं," म्हणाल्या, आणि खुर्चीत जरा मागे टेकून बसल्या.

निनादनं स्वतःच बटण चालू केलं. मघाच्याच आडवाटेनं आत शिरला. होस्टला हातानं एक कायमचा पत्ता लिहून दिला. उठल्याबरोबर आतल्यांना उठव, कुणाची वाट बघू नकोस, असं त्याला सांगून ठेवलं. मग रूटचं खातं उघडलं आणि त्याला एक लांबलचक पासवर्ड दिला.

"रोजची ये-जा नावानंच राहील," तो म्हणाला. "हे फक्त अडीअडचणीला. दवाखान्यात याचा पासवर्ड पाकिटात बंद करून डॉक्टरांच्या कपाटात ठेवायचा. मी गावात नसलो तरी अडायला नको."

बाईंनी मान हलवली.

भिंतीकडे हात या वेळी निनादचा गेला. त्यानं बटण बंद केलं, थोडा थांबला, चालू केलं.

होस्ट घरघरत उठला. आतली मशीन अजून उठत होती, डिरेक्टरीला जाग यायची होती. निनादनं नावाच्या जागी रूट लिहिलं.

दार उघडलं.

दोघंही काही वेळ स्क्रीनकडे बघत बसले. एकेक मशीन आपापल्या जागी उठून उभं राहत होतं. शेवटी डिरेक्टरी उठली, आणि यादीतल्या सगळ्या नावांना आत यायला वाट झाली.

"सोमवारी दवाखान्यात ये," बाई म्हणाल्या आणि खुर्चीचा हात धरून उठल्या.

निनादला फार आनंद झाला. तो त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेला. बाई चपला शोधत होत्या. हवं ते मिळालं होतं, तरी एक गोष्ट आत खुटखुटत होती. विचारू नये, हे त्याला कळत होतं. विचारल्यावाचून राहवतही नव्हतं.

"बाई… तिथं माझी ओळख काय म्हणून करून द्याल?"

बाईंना दुसरी चप्पल सापडली. त्यांनी ती पायात सरकवली.

"इतकी वर्षं जातेय मी तिथं," त्या म्हणाल्या. "माझीच अजून कुणी करून दिलेली नाही."