हिरीने लावलेले वेल

डोंगराच्या कुशीत ठाकरांचा एक इवलासा पाडा होता. पाड्याच्या टोकाला पदू आणि त्याची ताई हिरी, दोघंच राहायची. आईबाप कधीच गेले होते. मग एका तापात हिरीही गेली. चुलीत राख उरली आणि पदूच्या पोटात भूक. शेजारच्या चुलीही गारच होत्या, कारण त्या साली भात पिकलाच नव्हता.

सकाळी पदू पहार आणि कोयता घेऊन रानात गेला. रान कसं नटलं होतं! सोनपिवळी पानं, त्यांवर दवाचे चिमुकले मणी, निळी निळी फुलपाखरं. पदूला सगळ्यांचा राग आला. ताई नाही, आणि हे चमकतंय!

एका कंदाच्या वेलापाशी तो थांबला. कंद काढला की हिरी त्याचा माथा कापून परत खड्ड्यात ठेवायची, म्हणजे पुढच्या साली वेल फुटायचा. वरची माती टाचेने दाबायचं काम पदूचं.

"अरे हत्ती, हळू! गुदमरेल ना तो," असं म्हणून ती हसायची.

"आज काही ठेवणार नाही! सगळं उपटणार!" पदू ओरडला आणि त्याने पहार उगारली.

तोच पानाआडून बोटभर उंचीची, दवासारखी लुकलुकणारी परी बाहेर आली.

"पदू, मी या वेलाची परी. एक इच्छा माग. पण बाळा, जे मागशील ते साऱ्या पाड्याला मिळेल, तुला एकट्याला नाही."

"मग साऱ्यांची मेलेली माणसं आण! माझी ताई आण!"

परीचे पंख मिटले. "मातीत गेलेलं माणूस मला आणता येत नाही, राजा."

"मग परी कसली तू? चिलट आहेस, चिलट!"

पदू खणत सुटला. परीने त्याला अडवलं नाही. मोठा कंद वर आला. पदू हमसून हमसून रडत होता, पण हात ताईचंच रोजचं काम करत होते. त्यांनी माथा कापला आणि अलगद खड्ड्यात ठेवला.

"एवढ्या रागातही ठेवलास ना?" परी हळूच म्हणाली. "आता तरी माग."

पदू खड्ड्याकडे बघत राहिला. "ताईने असे किती माथे ठेवले गं? ते तरी दाखव सगळे."

परीने पंख झटकले. जिथे जिथे हिरीचा हात लागला होता, तिथला तिथला वेल सोन्यासारखा उजळला. झऱ्याकाठी, कातळाखाली, पार वरच्या माळापर्यंत! पाड्यातली माणसं टोपल्या घेऊन धावत आली, तेव्हा पदूने सांगितलं, हे सगळे वेल ताईचे.

"अगं बाई, पोरीने सारा डोंगर पेरून ठेवलाय की!" म्हातारी चांगी म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

त्या दिवशी पाड्यातली प्रत्येक चूल पेटली. परी उजेडात उजेड होऊन विरून गेली.

पदू मात्र खड्ड्यापाशीच होता. त्याने माती लोटली, वर टाच ठेवली आणि वाट पाहिली.

कुणी हत्ती म्हणालं नाही.

मग त्याने आपणच टाच हलकी केली.