‘या’ न म्हणणारं दुकान

“एकदाही नाही? चुकूनसुद्धा?”

“नाही.”

“अहो अण्णा, गिऱ्हाईक निघालं की तोंडातून ‘या’ जातंच की.”

“जातं ना. म्हणून तर त्या वेळी कोयता हातात घेतो.”

धोंडीअण्णांचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान नदीच्या वाटेवर आहे. बांबू, सुंभ, मडकी, पांढरं कापड. पाटी नाही. ज्याला लागतं त्याला सापडतं.

मी पेपरात दर रविवारी अंत्यसंस्कारांवर लिहिते. हो, असतं असं सदर. नवी गॅसदाहिनी, शववाहिकेचे हाल, मिळेनासे झालेले भटजी. लग्नाच्या पुरवणीत लिहायला गर्दी होती, इकडे रांग नव्हती.

त्या निमित्ताने आठ महिने अण्णांच्या स्टुलावर येऊन बसते. स्वतःला त्यांची शिष्या म्हणवते. ते मला काय म्हणत असतील, हे विचारायचं धाडस केलेलं नाही.

तेवढ्यात दोघं भाऊ आले. वडील गेले होते.

“उंची?” धाकट्याने विचारलं. “म्हणजे... सांगायला लागेल का?”

अण्णांनी थोरल्याकडे एकदा बघितलं. “तुमच्यासारखेच होते का?”

“थोडे बुटके.”

अण्णांनी दोन बांबू काढले, सामान बांधून दिलं. दोघं निघाले. अण्णांनी पाठ फिरवली, कोयता उचलला आणि नको असलेली कामटी तासायला घेतली.

भाऊ वळणापलीकडे गेल्यावर कोयता खाली ठेवला.

“चहा?”

चहा आला. त्यात आलं नव्हतं.

“आलं कुठंय?”

“संपलं.”

मी कप बाजूला ठेवला. पर्समधून कागद काढला.

“अण्णा, माझी नोंद करून ठेवा.”

“कसली?”

“माझीच. मी गेल्यावर सामान तुमच्याकडचं, बांधायचं तुम्ही.”

अण्णांनी चहाचा घोट घेतला.

“त्या अंत्यविधी करून देणाऱ्या नव्या कंपनीचं काय झालं? सगळं फोनवर होतं म्हणून तुम्हीच छापलेलं.”

“फॉर्म भरत होते. ‘जवळच्या नातेवाइकाचं नाव’ इथे अडकला. रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही. शेजारच्या मांजरीचं नाव घातलं, तर तिचा मोबाइल नंबर मागितला.”

अण्णा हसले नाहीत. माझे विनोद वाया गेले की मला फार वाईट वाटतं.

“मागच्या रविवारचं वाचलंत?” मी विचारलं.

“वाचलं. त्या मास्तरीणबाई.”

निवृत्त शिक्षिका. एकट्या राहायच्या. चौथ्या दिवशी दार फोडलं. मी त्यावर झकास मथळा दिला होता. संपादकांनी पाठ थोपटली. घरी आले, कुलूप काढलं, आत जाऊन दाराला कडी घातली... आणि मग हात कडीवरून निघेना.

मी पुन्हा कडी काढून ठेवली.

“मला कोणाची गरज नाही, अण्णा. नुसती व्यवस्था हवी. माणसं नकोत, व्यवस्था.”

“हं.”

“माझ्याकडे दूधवालापण येत नाही. पिशवी मीच आणते. म्हणजे बघा, चार दिवस काय...”



अण्णांनी कागद हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला.

“सामान न्यायला कोण येणार?”

“म्हणून तर तुम्हाला सांगतेय!”

“मी नेऊन देत नाही, ताई. न्यायला कुणीतरी यायला लागतं. ते आलं की मला कळतं.”

“आणि कोणी आलंच नाही तर?”

अण्णांनी कपातला उरलेला चहा संपवला.

“बरं, निदान माप तरी लिहून घ्या. तुम्ही तर बघताक्षणी सांगता. आठ महिने समोर बसलेय. घेतलंच असेल एव्हाना.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग बांबूंकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

“नाही घेतलं.”

“आठ महिन्यांत?”

“तसं बघितलंच नाही कधी.”

कागद त्यांनी माझ्या हातात परत दिला. घडी घालून, नीट.

मला राग आला. शहरभरची मर्तिकं मी छापायची, आणि माझ्या एकटीच्या नोंदीला कुठे जागा नाही. कंपनीने नाकारलं ते समजू शकते, ते यंत्र आहे. गुरूनेही?

पर्स उचलली. चप्पल घातली. पायरी उतरले आणि आईने लावलेली चाळीस वर्षांची सवय तोंडातून निसटली.

“येते हं, अण्णा.”

म्हटलं आणि जागीच थिजले.

या दुकानातून निघताना कुणी ‘येते’ म्हणत नाही. मी स्वतः यावर साडेतीनशे शब्द लिहिले आहेत. रोज मान हलवून, न बोलता निघते. आणि आज...

मागे वळायची हिंमत होईना. कोयता उचलल्याचा आवाज येईल, म्हणून तशीच उभी राहिले.

आवाज आला नाही.

वळून बघितलं. कोयता जमिनीवर होता. अण्णा दोन्ही हात रिकामे ठेवून दारात उभे होते.

“या,” ते म्हणाले. “उद्या येताना आलं आणा. अकरापर्यंत वाट बघीन.”

“आणि अकरानंतर?”

“घर कुठं म्हणालात तुमचं?”