पेटीतला दादा

एक होता राजा. नाव त्याचं पिलाजी. दिसायला चांगला, मनानंही वाईट नव्हता, पण संशयी असा की विचारू नका! दूध आलं की आधी मांजराला पाजायचा. कुणी हसलं की म्हणायचा, "हा का हसला?" आणि नाही हसलं की, "हा का नाही हसला?" ए, आता तुम्ही हसू नका, ऐका.

त्याचं राज्य वसलं होतं नदीच्या गाळावर. जिकडे बघावं तिकडे मऊ माती. अख्ख्या राज्यात दगड म्हणून नाही, बरं का! घरं मातीची, राजवाडा लाकडाचा, चटणी कुटायची तीसुद्धा लाकडी उखळात. पोरं भांडली तर एकमेकांना ढेकळं मारायची. दगड कसा दिसतो, हे तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं.

राजानं बायको केली ती मात्र लांबच्या डोंगरातली. तिचं नाव गिरजा. येताना तिनं एक पेटी आणली होती. पुढे राणीला मुलगी झाली. राजाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की काही दिवस तो संशय घ्यायचंच विसरला.

मग एकदा काय झालं, राजा बाळंतिणीच्या खोलीवरून चालला होता. आतून राणीचा आवाज आला, "दादा, बारसं जवळ आलं. माझ्या लेकीला आता तूच सांभाळायचं हं."

दादा? राणीला तर भाऊ नव्हता! राजानं फटीतून पाहिलं. खोलीत चिटपाखरू नाही. राणी पेटीशी बोलत होती.

झालं! राजाचा संशय पुन्हा जागा झाला. राणी न्हाणीघरात गेली तसा तो हळूच आत शिरला आणि त्यानं पेटी उघडली. आत एक काळीकुट्ट वस्तू. लांबट, गोल, दोन्ही टोकांना निमुळती. आणि तुळतुळीत अशी की राजाला तीत स्वतःचं नाक दिसलं. हात लावला तर गार. उचलली तर ही जड!

राणीला विचारावं का? छे! ती काय खरं सांगणार आहे? राजानं वस्तू उपरण्यात गुंडाळली आणि गेला आपल्या आत्याकडे.

गोदाआत्यानं डोळे बारीक केले. "अरे पिला, हे काळ्या नागाचं अंडं! कोंबडीखाली ठेव, म्हणजे कळेल."

मग कोंबडी बसवली. अंडं काही फुटेना, आणि कोंबडी काही उठेना. दाणे टाकले तरी उठेना. आणि गंमत सांगू? ती कोंबडी चक्क अंगाई म्हणायला लागली. राजा दचकून मागे सरला.

मग आला माळी. तो म्हणाला, "महाराज, हे बी आहे. एवढं काळं म्हणजे विषारी झाडाचं असणार." पुरलं बागेत, घातलं पाणी. कोंब आलाच नाही. पण बागेतल्या साऱ्या वेली सरकत सरकत आल्या आणि त्या जागेवर सावली धरून बसल्या. माळ्याच्या हातातली झारीच पडली.

मग आला लोहार. "लोखंडच असणार! वितळवतो, म्हणजे आत काय दडलंय ते दिसेल." त्यानं वस्तू भट्टीत टाकली, भाता ओढला. वस्तू तर वितळली नाहीच, भट्टीच आपली कोमट झाली, बाळाच्या अंघोळीच्या पाण्यासारखी. लोहारानं हात जोडले. "महाराज, मला घरी जाऊ द्या."

उबत नाही, रुजत नाही, वितळत नाही. म्हणजे करणीच! राजाची झोप उडाली, अन्न गोड लागेना. तिकडे राणी रडत घरभर फिरत होती. "माझ्या पेटीतलं कुणी नेलं हो?" आत्या राजाच्या कानाला लागली, "बघ, कशी घाबरलीय ती! तिला आधी घालव."

राजानं हुकूम सोडला, "बारसं झालं की राणीनं माहेरी जायचं. मुलगी इथंच राहील."

अंगावर पिणारं एवढंसं लेकरू, आणि त्याला आईपासून तोडायचं! सांगा बरं, काय वाटलं असेल त्या माउलीला? पेटीतली वस्तू राजानंच नेली, हे गिरजाला एव्हाना कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझी वस्तू मला द्या. बारशापुरती तरी." राजानं पहारा बसवून ती दिली.

बारशाला बायका जमल्या, पण करणीच्या भीतीनं पाळण्यापासून चार हात लांब. दारात मेणा उभा, भालेवाले उभे. गिरजानं त्या काळ्या वस्तूला दुपटं गुंडाळलं, कुंची घातली, काजळाची तीट लावली. पाळण्यात आधी तिला निजवलं, बाळाला नाही! मग उचलली आणि पाळण्याखालून पुढे केली. पलीकडून कुणीतरी घ्यायची होती. पण हात पुढे करतंय कोण? एक बाई हलली नाही. गिरजा तशीच हात पुढे करून वाकून राहिली.

राजाला ते बघवेना. तो पुढे झाला. "गिरजे, काय गं हे?"

"वरवंटा," ती म्हणाली. "दगडाचा. आमच्याकडे चटणी वाटतात यानं. माझ्या आईचा आहे. माझ्या बारशालाही आधी हाच पाळण्यात निजला होता. लेकरावर येणारं पहिलं संकट हा आपल्या अंगावर घेतो. माझ्याआधी निजला, म्हणून माझा दादा."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? कोंबडीला विचारलंत. मातीला विचारलंत. भट्टीला विचारलंत. मलाच तेवढं नाही विचारलंत."

राजाची मान खाली गेली. तो पाळण्यापलीकडे वाकला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. पुरुषानं बारशात हे करायचं नसतं, पण त्यानं केलं. दगड हाती आला तो उबदार. आणि टक्कन आवाज झाला! वरवंट्याला बारीकसा तडा गेला.

पोरीवर पहिलं संकट येणार होतं ते बापाच्या संशयाचं. ते दादानं घेतलं. राजाला एकदम हलकं वाटलं, आणि तो सगळ्यांदेखत रडला.

मेणा रिकामाच परत गेला. आत्या मात्र वरवंट्याकडे कायम तिरक्या नजरेनं बघायची. पण लाकडी पाटावर त्यानं वाटलेली चटणी दोनदा मागून घ्यायची, बरं का! मग राजा, राणी आणि त्यांची लेक सुखानं राहिले.

चला, दिवा मालवते. मिटा डोळे.