कौल कोणी मागायचा?

फार फार पूर्वी, डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यात एक गाव होतं. गाव तसं गुणी, पण त्याला एक खोड होती. काहीही ठरवायचं झालं की गाव उठून देवीच्या देवळात जायचं. विहीर कुठे खणू? विचारा देवीला. लेक कोणत्या घरी देऊ? विचारा देवीला. एका पठ्ठ्याने तर म्हणे आज अळूची भाजी करू की माठाची, हेसुद्धा विचारून पाहिलं होतं! देवी बिचारी सगळ्यांचं ऐकून घ्यायची.

विचारायची रीत अशी. देवळातला गुरव आधी सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाचा प्रश्न मोठ्या आवाजात देवीपुढे मांडायचा. लोक मागून "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायचे. मग गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा झाला देवीचा कौल. तो मिळाला की खोतापासून गुराख्यापर्यंत कोणी हूं की चूं करायचं नाही.

गुरव सरळ मनाचा माणूस. रोज पहाटे देवीला न्हाऊ घालायचा, कुंकू लावायचा, घरातला पहिला घास तिला दाखवायचा. त्याचं देवीशी बोलणंही घरच्यासारखं. "आज भात थोडा करपलाय गं, चालवून घे," असं खुशाल सांगायचा.

एका वर्षी नदीला पूर आला आणि वरच्या अंगाचं एक गाव वाहून गेलं. तिथली एक बाई चिमुरड्या लेकीला घेऊन या गावात आली. सुपं-टोपल्या विणायची. ओहोळाकाठी झोपडी घालून राहिली. सुपं अशी घट्ट विणायची की बायका नावाजायच्या. पण पुढे गुरांमध्ये रोग शिरला, गोठेच्या गोठे रिकामे व्हायला लागले, आणि नावाजणारी तोंडंच कुजबुजायला लागली. "ही आली आणि हे सुरू झालं. पांढऱ्या पायाची आहे!"

झालं. गाव देवळात जमलं. बाईला गावात राहू द्यावं का, यावर कौल लावायचा ठरला.

ती बाई पोरीला पोटाशी धरून खांबाआड उभी होती. गुरवाच्या मनात आलं, या दोघींनी जायचं कुठे? देवी होकारच देईल, असं त्याला वाटत होतं. पण पाकळी ती पाकळी, न जाणो डावी पडली तर? त्याने डावी पाकळी अंगठ्याने चांगली दाबून बसवली आणि उजवी नुसती टेकवली.

उजवी पडली. बाई राहिली. पोर खुदकन हसली. गाव मुकाट्याने घरी गेलं.

चांगलंच झालं की, असं तुम्ही म्हणाल. गुरवही स्वतःला तेच सांगत होता. पण दुसऱ्या दिवसापासून त्याला देवीच्या डोळ्यांकडे बघवेना. कुंकू लावताना मान खाली. नैवेद्य दाखवला तर पाणी फिरवायचं विसरला. शेवटी गुरवीण म्हणालीच, "काय हो, देवीशी भांडण झालंय का तुमचं?"

त्याने सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "जीव वाचवलात, छान केलंत. पण तिला घालवू नका, हे तुम्हीच का नाही सांगितलंत चार लोकांत? देवीच्या तोंडी घातलंत ते! तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

खरं उत्तर गुरवाला ठाऊक होतं. गावाशी वाकडं घ्यायची छाती नव्हती त्याची.

अशातच एका संध्याकाळी खोत आला. ओहोळाकाठची ती जागा त्याला पोफळीच्या बागेसाठी हवी होती. देवळाच्या पायरीवर बसून तो गोड आवाजात म्हणाला, "गुरवा, त्या दिवशी तुझा अंगठा बघितला मी. गुरं अजून मरताहेत. उद्या लोक पुन्हा कौल मागतील. या खेपेला दुसरी पाकळी दाब. नाहीतर मला तोंड उघडावं लागेल."

खोत निघून गेला. गुरवाचं एक खोटं तर बोलून झालं होतं, आता ते झाकायला दुसरं! आणि हे दुसरं त्या माय-लेकींच्या गळ्याला फास लावणारं. तो गाभाऱ्यात गेला, देवीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडला. "आई, मी तुझ्या नावावर माझंच म्हणणं खपवलं गं. चुकलो."

दुसऱ्या दिवशी देऊळ माणसांनी फुललं. गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाला, "मागचा कौल देवीचा नव्हता. माझा होता. मी पाकळी दाबली."

एकच गलका झाला. "पाप! पाप!" "आता खरा कौल लाव!" खोताचा चेहरा मात्र पडला, कारण त्याच्या हातातलं हत्यारच गुरवाने काढून घेतलं होतं.

"लावतो," गुरव म्हणाला. "इमानाने लावतो. पण गाऱ्हाणं आज मी घालणार नाही. या बाईला घालवू नये असं माझं मत आहे, ते मी माझ्या तोंडाने सांगतो. ज्याला ती जायला हवी आहे, त्याने पुढे यावं. देवीकडे बघावं आणि विचारावं, 'आई, हिला पोरीसकट गावाबाहेर काढू का?' त्याने विचारलं की मी पाकळ्या लावतो."

"त्यात काय मोठंसं!" म्हणत खोत तरातरा पुढे आला. "आई..." म्हणाला आणि थांबला. समोर समईच्या उजेडात देवीचा मुखवटा. खोताने घसा खाकरला, पुन्हा "आई..." म्हणाला. पुढचे शब्द काही येईनात. जिला आई म्हणायचं तिलाच, तुझी लेक हाकलू का, हे विचारायचं कसं? तो घाम पुसत मागे सरला.

मग एक म्हातारी आली. तिची दुभती गाय कालच गेली होती आणि बाईला सगळ्यात जास्त शिव्याशाप तीच देत होती. ती देवीपुढे उभी राहिली. ओठ हलले. आणि एकदम हुंदका फुटला. "आई, माझी गाय गेली गं! वासरू हंबरतंय, त्याला काय सांगू मी?"

देवळातल्या कितीतरी जणांचे डोळे पाणावले. प्रत्येकाच्या गोठ्यात तेच दुःख होतं. तिसरं कोणी पुढे आलंच नाही. खांबाआडची ती बाई मात्र आली आणि तिने म्हातारीला धरून खाली बसवलं. म्हातारीने तिचा हात झटकला नाही.

त्या दिवशी कौल लागलाच नाही. गावाने बसून स्वतःच ठरवलं की आजारी गुरं वेगळ्या गोठ्यात बांधायची, आणि त्यांच्या चाऱ्यासाठी टोपल्या त्या बाईने विणायच्या.

गुरवालाही शिक्षा झाली. देवीच्या नावाने खोटं केलं म्हणून वर्षभर त्याने पाकळ्यांना हात लावायचा नाही, फक्त अंगण झाडायचं. त्याने ती आनंदाने मान्य केली. रोज झाडून झालं की तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि देवीच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचा.

तात्पर्य: जे देवासमोर उभं राहून आपल्या तोंडाने विचारवत नाही, त्याचं उत्तर आपल्याला आधीच मिळालेलं असतं, आणि जे खरं वाटतं, ते देवाच्या आड न लपता स्वतः बोलावं.