शंभर वॅट आणि एस्तेरताई

सांगा, सांगा म्हणून डोक्यावर बसलात, म्हणून सांगतो. मला गोष्टी सांगत बसायची हौस नाही. आणि मधेच कोणी ‘म्हणजे काय’ विचारलं तर मी उठून जाईन.

“शंभर वॅटचा घेऊ का तिसाचा? एवढंच सांगा, मास्तर.”

हर्षलने परत विचारलं. शद्रक मास्तर, म्हणजे आमच्याकडचे जुने गिटारवाले, गिटारला नवी तार चढवत होते. मान वर केली नाही.

हा हर्षल दुधाळ म्हणजे जालन्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारं पोरगं. बोटं चांगली. ते त्याला माहीत होतं, हीच पंचाईत.

झालं असं की, अंबडच्या कार्यक्रमात गाणारी बाई, एस्तेर, अर्ध्या गाण्यात स्टेजवरून उतरून गेली. त्यावर ऑर्केस्ट्रावाल्यांनी हर्षलला तोंडावर सांगितलं. तुझ्याबरोबर गाणं अवघड झालंय. मास्तरांकडे जा, ते म्हणतील तो ॲम्प्लिफायर घे. त्यांनी हो म्हटलं तर ये, नाहीतर आम्ही दुसरा गिटारवाला बघतो.

म्हणून सगळे मास्तरांच्या सरावाच्या खोलीत जमले होते. दुकानदाराने दोन ॲम्प्लिफायर वाजवून बघायला दिले होते. एक माणसाच्या छातीएवढा उंच. दुसरा तेलाच्या डब्याएवढा.

“तुला कोणता पाहिजे?” मास्तरांनी विचारलं.

“मोठा. अंबडला जुना डबा पुरता वाढवला, तरी माझी गिटार ऐकूच आली नाही.”

“कोणाला?”

“मला!”

“आणि एस्तेर का उतरली?”

हर्षलने दाराकडे बघून आवाज खाली घेतला. एस्तेर बाहेर ओट्यावर बसली होती. “ताईंचा गळा गेलाय, मास्तर. ऑपरेशन झाल्यापासून आवाज लागत नाही त्यांचा. कोणी बोलत नाही, एवढंच.”

मास्तरांनी तार पिळून घट्ट केली.

“लहान वाजव आधी.”

हर्षलने लहान डबा जमिनीवर ठेवला, पाठीमागे. ड्रमवाल्याने ठेका धरला. चार ओळी झाल्या नाहीत तोच हर्षल थांबला.

“बघा. काही येत नाही.”

“तुझे कान पिंढरीला आहेत का रे?”

ड्रमवाला हसला. मास्तर उठले, डबा उचलला, खुर्चीवर ठेवला आणि हर्षलच्या तोंडाकडे तिरका केला.

“आता?”

“...येतंय. पण मला येऊन काय उपयोग? लोकांचं काय?”

“लोकांसाठी त्याच्यापुढं माइक लावतात. मंडपातले भोंगे कशाला आहेत?”

“तसं नाही, मास्तर. गिटार कशी भिडली पाहिजे! लोकांना कळलं पाहिजे, कोण वाजवतंय.”



मास्तर म्हणाले, “बरं. मोठा लाव. एस्तेर, ये गं. पूर्ण गाणं घ्या.”

एस्तेर आत आली. पन्नाशीची, मफलर गुंडाळलेली, हातात गरम पाण्याचा थर्मास. माइकपुढे उभी राहिली.

हर्षलने शंभर वॅटचा लावला. खिडकीची काच थरथरली. अंगावर काटा आला पोराच्या. हाच तो आवाज, ज्याच्यासाठी तो एवढे दिवस तळमळत होता. एक बटण जरा पुढे, दुसरं जरा मागे. तो ॲम्प्लिफायरवर वाकला आणि वाजवत राहिला. ड्रमवालाही चेव आल्यासारखा बडवत सुटला. शेवटची तान तर अशी आली की मास्तरांनी वाहवा करावी.

गाणं संपलं. हर्षल घामाघूम होऊन वळला.

“कसं झालं?”

“दुसऱ्या कडव्यात एस्तेरने एक शब्द बदलला,” मास्तर म्हणाले. “बरा वाटला का तुला?”

हर्षलने घाम पुसला. “हां... म्हणजे चांगलाच वाटला. शोभून दिसला.”

“कोणता शब्द?”

हर्षल गिटारच्या खुंट्या पिळायला लागला.

“ती पहिल्या कडव्यालाच थांबली, हर्षल. पुढं गायलीच नाही.”

खोलीत ॲम्प्लिफायरची घरघर तेवढी राहिली.

एस्तेर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. थर्मासचं टोपण हातात होतं, पाणी प्यायलं नव्हतं.

“अंबडला पण असंच झालं,” ती म्हणाली. चिडून नाही, साधं. “मला माझा सूरच सापडेना. म्हटलं, माझा गळाच गेला. घरी जाऊन रडले मी. नवऱ्याला सांगितलं, आता नाही गायचं.”

हर्षलने तिच्याकडे बघितलं. ऑपरेशनचा व्रण मफलरच्या वर थोडा दिसत होता. इतके महिने शेजारी उभा राहून त्याने तो बघितला नव्हता.

त्याने हात लांब करून मोठ्याचं बटण बंद केलं. घरघर गेली.

“ताई... परत घेऊ?”

“तू म्हणशील तसं.”

“नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

लहान डबा खुर्चीवर होताच. त्याने वायर त्यात घातली. आवाज ठेवला, ऐकला, कमी केला. एस्तेर गायला लागली. त्याने अजून कमी केला. ड्रमवाल्याने न सांगता हात आवरला.

तेव्हा हर्षलला कळलं की प्रत्येक ओळीच्या आधी ती श्वास घेते. ऑपरेशननंतर जरा जास्तच. तेवढी जागा रिकामी लागते. आजपर्यंत त्या जागेत तो बोटं दाखवत होता.

त्याने जागा सोडली. ती पुढच्या ओळीवर अलगद आली.

दुसरं कडवं झालं. तिसरंही झालं. आवाज जुना नव्हता, थोडा खरखरीत होता. पण लागला होता.

गाणं संपल्यावर एस्तेरने मफलर सारखा केला. “रविवारी परतूरला कार्यक्रम आहे,” ती हर्षलला म्हणाली. “वेळेवर ये. आणि ही खुर्ची पण आण.”

ती गेली. ड्रमवालाही गेला. हर्षल वायर गुंडाळत बसला... बराच वेळ.

“मास्तर, तुम्हाला हे कोणी शिकवलं?”

गुरूचं नाव घेताना वाजवणारे धरतात तशी शद्रक मास्तरांनी कानाची पाळी धरली. डोळे मिटले.

“मुनीर ढोलकीवाला. भर मंडपात, चालू गाण्यात, माझ्या गिटारची वायर उपटून फेकली त्याने... अजून माफी मागितली नाही हरामखोराने.”