शिडी

“मग माझ्या बायकोनं आज्ञा पाळायची ती कोणाची, मदर? माझी की तुमची?”

सायमन घोड्यावरून उतरला तो हेच विचारत. इंग्लंडच्या उत्तरेकडे, नदीकाठच्या एका मठात, फार जुन्या काळी.

मठप्रमुख आगाथा सफरचंदाच्या झाडाखाली शिडी धरून उभ्या होत्या. लहानपणी सायमननं अक्षरं त्यांच्याकडेच गिरवली होती. आता तो नावाजलेला कवी होता.

“तू आलास ते बरं झालं,” त्या म्हणाल्या. “माझे हात दुखताहेत. धर जरा.”

त्यानं शिडी धरली. वर पाहिलं. शिडीवर त्याची बायको सिसिली होती.

लग्नाआधी सिसिली वडिलांची बिअरची भट्टी चालवायची. पंडिताच्या बायकोला हे शोभत नाही, म्हणून सायमननं भट्टी बंद केली. ती काही बोलली नाही. तिच्या त्या मुकाटपणावर त्यानं काव्य रचलं. नवऱ्याचा शब्द झेलणारी थोर पत्नी. जमीनदाराच्या वाड्यात ते वाचलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. सिसिलीही तिथंच बसली होती. दुसऱ्या दिवशी ती मठात निघून आली.

“धर्मग्रंथ सांगतात, पुरुष हा स्त्रीचं मस्तक आहे,” सायमन म्हणाला. “तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.”

“मग तिला सांगा.”

“नवरा तू आहेस. तूच सांग.”

सायमननं आवाज चढवला. “सिसिली, खाली ये. घरी चल.”

वरून तिचा आवाज आला.

“ही आज्ञा आहे का?”

“हो.”

तिनं हातातलं सफरचंद टोपलीत ठेवलं आणि उतरू लागली. मान खाली, ओठ मिटलेले. अगदी त्याच्या काव्यातल्या बाईसारखी. ज्या चेहऱ्याला त्यानं इतक्या उपमा दिल्या होत्या, तो आज त्याच्यापासून हातभर अंतरावर आला. त्या चेहऱ्यामागे कोणी नव्हतं.

“थांब,” तो म्हणाला.

ती थांबली.

“तुला... यायचंय का?”

“माहीत नाही.” ती प्रथमच त्याच्याकडे बघून बोलली. “झाड अर्धं राहिलंय.”

ती पुन्हा वर चढली. सायमन आगाथांकडे वळला. त्या गवतात पडलेली फळं वेचत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

तो शिडी धरून उभा राहिला. खांदे भरून आले. मध्येच एक सफरचंद त्याच्या पाठीत बसलं. वरून तिचं हसणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं तोही हसला.

“भट्टी पुन्हा पेटव, असं सांगू का तुला?” त्यानं विचारलं.

“सांगू नका.”

“मग?”

“मी पेटवणारच आहे. तुम्ही आलात तर पाणी ओढायला माणूस मिळेल.”

“मला विहिरीवर उभं राहायची सवय नाही, सिसिली.”

“होईल.”



“त्या काव्याचं काय करू?” त्यानं विचारलं.

“ठेवा की. लय चांगली आहे. बाई तेवढी खोटी आहे.”

उन्हं नदीपलीकडे कलली. टोपली खाली आली, रिकामी होऊन वर गेली. पानांमधून तिचा आवाज आला, “उद्या सकाळी निघू. वाटेत बाजारातून भट्टीसाठी जव घ्यायचे आहेत.”

सायमनच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण विद्वानाची खोड जाईना. तो हळूच म्हणाला, “मदर, आज्ञा तर मी मागे घेतली. आता एवढंच सांगा. घरात मोठं कोण?”

आगाथांनी झग्याच्या घोळातली फळं टोपलीत ओतली आणि झाडाकडे मान वर केली.

“पलीकडच्या फांदीवर अजून बरीच आहेत,” त्या म्हणाल्या. “शिडी हलवण्याआधी तिला विचार.”